बाबांच्या चाकूची पसंती

बाबांचा चाकू बेतवेच्या पुलावरून नदीत पडला, ही बातमी आमच्या घरी बाबांनीच आणली. ते मालगाडीवर गार्ड होते. गाडीच्या अगदी शेवटी जी ब्रेकव्हॅन असते तिच्यात एकट्याने बसायचं, मागेपुढे बघायचं, वेळा लिहायच्या, झेंडी दाखवायची, असं ते काम. ब्रेकव्हॅनच्या कठड्याशी उभं राहून काकडी सोलत होतो, गाडीने हिसका दिला आणि चाकू गेला, असं त्यांनी बूट काढता काढता सांगितलं. आई पोळ्या लाटत होती. तिने मान वर केली नाही. हळहळले ती मी, कारण त्या चाकूवर माझा डोळा होता.

कोळशाच्या इंजिनांची ती शेवटची वर्षं. झाशीच्या रेल्वे कॉलनीत तेव्हा मराठी घरं बरीच होती. बहुतेक भुसावळ-नागपूरकडून बदलून आलेली, त्यांतलेच बाबा. आई मात्र इथलीच. तिचं माहेर जवळच्याच गुरसरायच्या मराठी जहागिरीत पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी केलेल्यांचं. त्यांच्यात तलवार कुणी चालवली होती की नुसतीच पुसून ठेवली होती, हे मला आजतागायत कळलेलं नाही, पण धारेच्या वस्तूंबद्दल नियम मात्र भरपूर होते. बाबा चाकू म्हणायचे, आई सुरी म्हणायची, आणि मी बाहेर हिंदीत आणि घरात दोघांसारखं बोलून दोघांच्याही शिव्या खायची.

बाबांच्या चाकूला शिसवी मूठ होती, दोन्ही बाजूंना पितळी टोप्या होत्या आणि पातं चार बोटं लांब. वर्षानुवर्षं घासून ते पातं मधे बारीक झालं होतं. स्टेनलेस नव्हे, साधं पोलाद. लिंबू कापलं आणि पुसायला विसरलं की काळं पडायचं, म्हणून बाबा तो धोतराच्या चिंधीने पुसून, गोडेतेलाचं बोट लावून मगच मिटायचे. मिटताना खट् आवाज यायचा. तो आवाज आला की बाबांचं जेवण संपलं असं आम्ही समजायचो. ड्यूटीवर त्या चाकूने काय काय व्हायचं! हातबत्तीची काजळलेली वात छाटायची, सुतळी कापायची, पेन्सिलला टोक करायचं, कडुनिंबाची काडी दातवणासाठी तोडायची, आणि दुसऱ्या टोकाला रनिंग रूममध्ये पोचलं की कांदा चिरायचा. रनिंग रूम म्हणजे परगावी गाडी सोडून आलेल्या गार्ड-ड्रायव्हरांची उतरायची जागा. तिथे पाचसहा जण मिळून स्वयंपाक करत, आणि ज्याचा चाकू चांगला त्याच्याकडे भाजी येई. बाबांकडे कायम भाजी यायची. त्यांना त्याचा थोडा गर्वही होता.

आता नवा चाकू घ्यायचा ठरलं. हे काम एका संध्याकाळचं, असं मला वाटलं होतं. बाबांनी त्यात आठ महिने घालवले.

पहिल्यांदा आम्ही सदर बाजारात गेलो. मी तेव्हा बी.ए.ला होते आणि बाबांबरोबर बाजारात जायला मला आवडायचं, कारण ते वस्तूची परीक्षा करताना तोंडाने सगळं सांगत. दुकानात कुलुपं, कात्र्या, वस्तरे, अडकित्ते, बॅटऱ्या असा माल होता. छावणीतले फौजी तिथे नेहमी दिसायचे. बाबांनी चाकू मागितल्याबरोबर दुकानदाराने एक लांबलचक रामपुरी काढून समोर धरला. बाबा म्हणाले, ‘‘भैया, हम गार्ड हैं, डाकू नहीं.’’ मग बेताचे चाकू निघाले.

बाबांच्या कसोट्या मला अजून पाठ आहेत. पातं चार बोटांहून लांब नको, लांब पातं खिशात भार आणि हातात मस्ती. मूठ मुठीत घेतल्यावर करंगळीला जागा उरली पाहिजे. चाकू उघडा धरून पात्याचं टोक डावी-उजवीकडे हलवून बघायचं, तसूभर जरी हललं तरी खीळ ढिली आहे, नको. शिंगाची मूठ देखणी, पण झाशीच्या उन्हाळ्यात तडकते. स्टेनलेसला गंज नाही चढत, पण साध्या विटेवर, दगडावर धारही बसत नाही, आणि ब्रेकव्हॅनमध्ये शिकलगार कुठून आणणार? आणि सगळ्यांत मोठी कसोटी म्हणजे मुठीच्या पाठीतली कमान. ती पट्टी कडक हवी. कमान ढिली असली की पातं काम करता करता बोटांवर मिटतं. ‘‘ढिला चाकू ठेवणाऱ्याची बोटं मोजावी,’’ असं बाबा म्हणायचे. हे सगळं त्यांनी मला मी दहाअकरा वर्षांची असताना, आमच्या क्वार्टरच्या मागच्या पायरीवर बसून शिकवलं होतं. मुलीला काय करायचंय चाकूबद्दल, असं आमच्याकडे कुणी विचारलं नाही, त्याबद्दल मी आईबाबांची ऋणी आहे. बाकी पुष्कळ गोष्टींबद्दल माझं त्यांच्याशी भांडण होतं.

त्या दिवशी दुकानदाराने सात चाकू दाखवले. बाबांनी सगळ्यांत खोट काढली. एक खडखडतो, एकाची मूठ घामाने निसटेल, एकाचं पितळ पितळ नाहीच. दुकानदार एकेक चाकू उघडून काचेवर ठेवायचा, बाबा तो निरखायचे, टोक हलवून बघायचे, आणि उघडाच परत सरकवायचे. मी म्हटलं, ‘‘तो तिसरा चांगला होता की.’’ तर म्हणाले, ‘‘चांगला आणि आपला यांत फरक असतो.’’ मला हे फार थोर वाटलं. घरी येऊन मी ते वाक्य आईला ऐकवलं. आई म्हणाली, ‘‘असेल,’’ आणि डाळीला फोडणी दिली.

पुढे हे दर महिन्याचं झालं. कधी शहरातल्या लोहारांच्या ओळीत, कधी सदर बाजारात, एकदा तर बसने चिरगावला. चिरगावला एक लोहार लॉरीच्या मोडक्या कमानपाट्यांच्या पोलादापासून मिटते चाकू करायचा. त्याचं काम इतकं सुरेख होतं की बाबा ते पातं उन्हात धरून कितीतरी वेळ बघत राहिले. तरी घेतलं नाही. मग मात्र मी चिडवायला लागले. बाबांचा चाकू म्हणजे लाडक्या लेकीला स्थळ बघणं झालंय, म्हटलं. नाक आवडलं तर उंची नाही, उंची आहे तर पत्रिका जुळत नाही. बाबाही हसले. कॉलनीत हे सगळीकडे झालं. कुणी भेटलं की विचारायचं, ‘‘गार्डसाहेब, जमलं का लग्न?’’

त्याच दिवसांत बाबा एकदम लाघवी झाले होते. पूर्वी पेरू आणला तर तेच कापायचे, चार सारख्या फोडी करून मीठ-तिखट लावून देण्याचं कसब त्यांचंच. आता पेरू आणायचे आणि म्हणायचे, ‘‘तू काप, तुझा हात छान बसलाय.’’ ड्यूटीवर जायच्या आधी दहाबारा पेन्सिली माझ्यापुढे टाकायचे. ‘‘कर गं टोकं. तुझ्यासारखं टोक मला येत नाही.’’ मी फुगले. माझा हात खरोखरच चांगला होता. कॉलेजात गोळाफेकीत मी पहिली यायची आणि शेजारपाजारच्या बायका मुरंब्याच्या अडलेल्या बरण्या माझ्याकडे उघडायला आणायच्या. बाबा हे रनिंग रूममध्ये सांगत सुटत. बाबांच्या बरोबरीचे गार्ड मला भेटले की दंड बघून ‘‘पैलवान’’ म्हणत, आणि मला ते मनापासून आवडायचं.

आईच्या माहेरचा एक नियम इथे सांगायला हवा. आमच्या घरात सुरी, कात्री, अडकित्ता, काहीही धारेचं हातातून हातात द्यायचं नाही. मिटून खाली ठेवायचं. ज्याला हवं त्याने उचलायचं आणि आपलं आपण उघडायचं. हातात दिलं की भांडण होतं, असं आई सांगायची. मी आणि आई कुणी काही हातात न देताही रोज भांडत होतो, पण नियम मात्र दोघी पाळत होतो. दुसरा नियम याहून कडक. सुरी भेट द्यायची नाही. ज्याची त्याने स्वतः पारखून, स्वतःच्या हाताने उघडून-मिटून घ्यायची. दुसऱ्याच्या हाताने आलेली धार लाभत नाही म्हणे. मला हा दुसरा नियम अगदीच खुळचट वाटायचा. रुमाल भेट देता येतो, पेन देता येतं, मग चाकूनेच काय घोडं मारलंय?

नवरात्र जवळ आलं तेव्हा मी ठरवलं की या चाकूचा सोक्षमोक्ष लावायचा. एका सकाळी कॉलेज बुडवून मी बसने चिरगावला गेले. त्या लोहाराने मला ओळखलं. मी त्याला बाबांच्या सगळ्या कसोट्या घडाघडा म्हणून दाखवल्या. त्याच्याकडे एक चाकू तयार होता, शिसवी मुठीचा, पितळी टोप्यांचा, थेट जुन्यासारखा. मी तो उघडला आणि मिटला. चांगला होता, पण मला कमान जराशी मऊ वाटली. मी म्हटलं, ‘‘भैया, कमानी और कड़ी करो.’’ तो म्हणाला, ‘‘बिटिया, इत्ती कड़ी भौत है.’’ मी ऐकते कसली! त्याने मूठ खोलली, पट्टी बदलली, पुन्हा खिळे ठोकले. आता चाकू असा झाला की नखाच्या खाचेत नख घालून चांगला जोर लावला तरच पातं हले, आणि मिटताना असा खट् वाजे की शेजारचा बैल दचकावा. लोहारालाच उघडताना अंगठा झटकावा लागला. मी खूश झाले. बाबांना कधी नव्हे तो बिनखोटीचा चाकू मिळणार होता.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. पाटावर आईची कात्री आणि विळी, बाबांची शिट्टी, माझं पेन, आणि त्यांच्यामध्ये मी तो नवा चाकू ठेवला. आईने पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, नियम मोडला म्हणून. ती एवढंच म्हणाली, ‘‘विचारायचंस तरी.’’ बाबा देवासमोर बसले, गंध लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. चाकूकडे बघून म्हणाले, ‘‘चिरगावचा?’’ मी म्हटलं, ‘‘हो, आणि कमान अजून कडक करून घेतलीय.’’ ते म्हणाले, ‘‘वा.’’

पूजेला मांडलेली वस्तू दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायची नाही. दसऱ्याला ज्याची त्याने ती उचलून एकदा कामाला लावायची, अशी आईच्या माहेरची रीत. आईने कात्रीने दोरा कापला. मी पेनाने श्री लिहिलं. बाबांनी लिंबू कापायचं होतं. त्यांनी चाकू उचलला, तळहातावर तोलला, पितळेवरून बोट फिरवलं आणि मिटलेलाच माझ्यापुढे पाटावर ठेवला. म्हणाले, ‘‘आणलास तू. पहिलं लिंबू तुझ्या हातचं.’’ माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी चाकू झटक्यात उघडला आणि लिंबाच्या दोन फोडी केल्या. आई आत निघून गेली.

त्यानंतर बाबा तो चाकू रोज ड्यूटीवर नेत. मी विचारलं की ‘‘एकदम झकास’’ म्हणत.

थंडी पडायला लागली तसा बाबांचा काळा कोट ट्रंकेतून निघाला, आणि पंधरा दिवसांत त्याचा उजवा खिसा आतून फाटला. आई म्हणाली, तू शिव. मी खिशात हात घातला आणि ओरडलेच. बोटाला चांगलंच कापलं होतं. आत तोच चाकू होता आणि तो पूर्ण मिटलेला नव्हता. पातं आणि मूठ यांच्या मधे आगकाडीचा तुकडा खोचलेला होता, त्यामुळे पातं बोटभर वर राहत होतं. खिशाचं अस्तर त्यानेच फाडलं होतं. मला भयंकर राग आला. अर्धवट मिटलेला चाकू खिशात ठेवला म्हणून लहानपणी मला दोन दिवस बोलणी खावी लागली होती, तीही बाबांचीच. मी तो आगकाडीचा तुकडा काढून टाकला, चाकू खट्कन मिटला, आणि पुन्हा उघडायला गेले. माझ्या कापलेल्या बोटाला जोर लावता येईना. एकदा, दोनदा, तीनदा. नख सटकत होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मी तशीच रक्ताचं बोट घेऊन स्वयंपाकघरात गेले. आईला म्हटलं, ‘‘बाबांच्या हाताला काय झालंय?’’ आईने आधी माझ्या बोटावर हळद दाबली. मग तिने सांगितलं. मागच्या माघात एका उतारावर ब्रेकव्हॅनचं हातब्रेकचं चाक फिरवताना चाकाने उलटा झटका दिला आणि बाबांचा उजवा अंगठा मुळापासून मुरगळला. सूज गेली, दुखणं कमी झालं, पण चिमटीत जोर राहिला नाही. डावा हात तर लहानपणच्या पडझडीपासून कमजोरच. वरचं बटण ती लावून देते. बुटांच्या नाड्या ती बांधते, मी उठायच्या आत. जुना चाकू बेतवेत पडलेला नाही, तो तिच्या ट्रंकेत साड्यांखाली आहे. रनिंग रूममध्ये तो उघडता येईना, तेव्हा हरवला म्हणून सांगणं सोपं पडलं.

‘‘मग डॉक्टरला का नाही दाखवलं?’’ मी ओरडले.

‘‘दाखवला की कागद होतो. कागद झाला की गाडीवरून उतरवतात.’’ आई म्हणाली. ‘‘दोन वर्षं राहिलीत त्यांची. पुढच्या महिन्यात डॉक्टरी आहे. डोळे बघतात, छाती बघतात, दोन बोटं मुठीत दाबायला सांगतात. तेवढं जमतं त्यांना. पण कुणी जाऊन सांगितलं की यांच्या हातून साधा चाकू उघडत नाही, तर मग नीट तपासतील. तीस वर्षं गाडीवर काढलेला माणूस ऑफिसात बसून शिक्के मारेल का? तूच सांग.’’

बाबा बसलेले मी फार थोडे पाहिले होते. ब्रेकचं चाक तळहात आणि खांदा यांच्या जोरावर फिरतं, अंगठ्यावर नाही, असं आई म्हणाली, आणि ते खरंही असेल. तरी मी गार्डची मुलगी नसते, तर त्या लपवाछपवीला काय म्हटलं असतं, ते मला पक्कं माहीत आहे. त्या दिवशी मी तसं म्हटलं नाही. मला दिसत होते ते आठ महिने. काचेवर उघडे ठेवलेले चाकू उघडेच परत सरकवणारे बाबा, पेन्सिली माझ्यापुढे टाकणारे बाबा, आणि दसऱ्याला सगळ्यांसमोर मिटलेला चाकू तळहातावर घेऊन बसलेले बाबा. आणि त्यांच्यासाठी खास कडक कमान बसवून आणणारी मी. मला माझीच इतकी लाज वाटली की त्या रागात मी तो कोट तीनदा उसवून तीनदा शिवला.

आमच्या घरात असल्या गोष्टी बोलायची पद्धत नव्हती. बाबा आल्यावर मी एवढंच म्हटलं, ‘‘तो चिरगावचा चाकू मला द्या. माझ्या मनात भरलाय. तुम्हाला दुसरा घेऊ.’’ बाबांनी माझ्या बोटावरच्या चिंधीकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘‘चल.’’

सदर बाजारात त्याच दुकानात गेलो. दुकानदार हसला. ‘‘आओ गार्ड बाबू, आज कौन सी खोट निकालोगे?’’ त्याने नेहमीप्रमाणे कडक, चांगले चाकू काढले. मी ते माझ्याकडे ओढले आणि एकेक नुसत्या करंगळीच्या नखाने उघडून बघायला लागले. चांगला चाकू करंगळीने उघडत नाही. चारपाच झाले, एकही हलला नाही. बाबा बाजूला अडकित्ते बघत उभे होते. त्यांना अडकित्त्याशी काही देणंघेणं नव्हतं, घरात सुपारी फक्त पूजेला यायची.

तेवढ्यात बाबांच्याच बरोबरीचे एक गार्ड बॅटरीचे सेल घ्यायला आत आले. बुंदेलखंडातलेच, मोठ्या तोंडाचे, मनाचे चांगले. त्यांच्या पोटात मात्र काही राहत नसे. आज इथे ऐकलेलं संध्याकाळी बीना जंक्शनपर्यंत जाणार, हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी माझी करंगळीची खटपट पाहिली, माझ्यापुढचा एक चाकू उचलला आणि खाडकन उघडून दाखवला.

‘‘अरे बिन्नू!’’ इकडे लाडाने मुलीला बिन्नू म्हणतात, आणि पोरीला मोड़ी. ‘‘गोला फेंकती हो और चाकू नईं खुल रओ?’’ ते मोठ्याने हसले. दुकानातले दोन फौजीही हसले. ‘‘काय गार्ड साब, बड़ी तारीफ करत ते मोड़ी की!’’

बाबा वळले. माझ्याबद्दल कुणी असं बोललेलं त्यांना कधीच खपायचं नाही. त्यांचा चेहरा लाल झाला होता. ते एक पाऊल पुढे आले, उजवा हात वर केला, आणि म्हणाले, ‘‘इसकी बात नहीं है, भाई. असल में मेरा...’’

ते सांगणार होते. त्या माणसासमोर, दुकानासमोर. माझं नाव खराब होऊ नये एवढ्यासाठी तीस वर्षांची गाडी ते त्या काचेवर ठेवणार होते.

‘‘नहीं खुलता मुझसे!’’ मी इतक्या जोरात म्हटलं की दुकानदाराच्या हातातून सेल खाली पडले. ‘‘चाचाजी, गोला फेंकना अलग, चाकू अलग. उँगली में दम ही नहीं है. भैया, कोई ढीला दिखाइए, एकदम ढीला, लड़कियों वाला.’’

सगळे पुन्हा हसले. मीही हसले. आयुष्यात मी इतकं लाजिरवाणं काही बोलले नव्हते, आणि बोलताना मला मुळीच लाज वाटली नाही. चाचाजी माझ्या डोक्यावर टपली मारून, सेल खिशात टाकून निघून गेले.

दुकानदाराने खालच्या खणातून एक चाकू काढला. लाल पत्र्याची मूठ, पातळ पातं, टोक चक्क डुगडुगणारं. बाबांच्या एकाही कसोटीला तो उतरला नसता. तो करंगळीने उघडला. मी तो मिटला आणि काचेवर बाबांच्या पुढे ठेवला.

बाबांनी दुकानदाराकडे पाठ केली आणि चाकू उचलला. मधल्या बोटाने पातं उचकलं. पातं वर आलं. त्यांनी ते मिटलं, पुन्हा उघडलं.

‘‘कैसा है, बाबूजी? बिटिया के लिए ठीक रहेगा?’’ दुकानदाराने विचारलं.

‘‘बहुत अच्छा है,’’ बाबा म्हणाले.

बाहेर आल्यावर आम्ही पायीच निघालो. मग बाबा म्हणाले, ‘‘परवापर्यंत सगळ्यांना कळेल की तुझ्या हातून चाकू उघडत नाही.’’

‘‘कळू दे,’’ मी म्हटलं.

‘‘तुला पैलवान म्हणतात गं सगळे.’’

‘‘बाबा, पुरे.’’

पुढच्या महिन्यात बाबांची डॉक्टरी पार पडली आणि उरलेली दोन वर्षं ते गाडीवरच राहिले. मला मात्र त्यानंतर कॉलनीत कुणी पैलवान म्हटलं नाही, आणि माझ्याकडे बरण्याही फारशा आल्या नाहीत. पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी सदर बाजारापासून घरापर्यंत बाबा माझ्या बाजूने चालत होते, आणि दर दहाबारा पावलांनी त्यांच्या हातातला तो चाकू उघडल्याचा आणि मिटल्याचा बारीक आवाज मला येत होता.